कामठ्याच्या पाठीवरची शिवण

मित्रांनो, मला खुंटीवरून काढणार असाल तर जरा जपून. पोटाकडून हवं तेवढं बघा, पण उलटून पाठ बघायची घाई करू नका. मी एक जुना कामठा आहे, तीर-कामठ्यातला. माझ्या वाट्याला तीर मात्र कधी आलाच नाही. मोठ्या माणसाच्या कोपरापासून बोटांपर्यंत माझी लांबी. पोट शिंगाचं, पाठ शिरांची. त्या पाठीवर एक शिवण आहे. ती आठवली की आजही मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

जपानातल्या कीशूच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात गिहेई नावाचे म्हातारे कारागीर होते. मोठमोठ्या सरदारांकडे त्यांची धनुष्यं होती. मुलगा नव्हता, एकच मुलगी, ओसेन. म्हणून यासुके नावाच्या तरुणाला त्यांनी घरजावई करून घेतलं आणि आपलं आडनाव दिलं. आमच्याकडे म्हणतात, घरात मूठभर कोंडा उरला असला तरी घरजावई होऊ नये. यासुके झाला. बरं, झाला तो झाला, सासराही मिळाला तो असा!

आमचा सगळा जीव शिंग आणि शिरा जोडणाऱ्या सरसात असतो. घोळ माशाच्या पोटातला फुगा वाळवायचा, भिजवायचा आणि मंद आचेवर विरघळू द्यायचा. उकळी फुटली की सरस मेला. शिळा होऊन आंबला तरी मेला. मग तो धरल्यासारखा दिसतो, पण धरत नाही. आमच्या भागात तुसड्या माणसालाही ‘याच्यात सरस नाही’ असंच म्हणतात. सरसाच्या वासात जन्म घालवलेल्या गिहेईंना सारं गाव पाठीमागे बिनसरसाचा म्हातारा म्हणायचं. खोटं कशाला बोलू, म्हातारा होताच तसा. यासुकेनं सुरेख काम केलं तर हे नुसतं ‘हं’ म्हणायचे. काम चुकलं तर मात्र शेजारच्या गल्लीपर्यंत आवाज जायचा.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी ओसेनला दिवस गेले. दुसऱ्याच दिवशी म्हाताऱ्यानं जपून ठेवलेलं रेड्याचं शिंग बाहेर काढलं. आमच्याकडे बाळाला पहिल्यांदा न्हाऊ घालताना कामठ्याची दोरी वाजवतात. त्या टणत्कारानं वाईटसाईट सगळं पळून जातं. नातवंडासाठी तो कामठा मला व्हायचं होतं. शिंग नखासारखं पातळ होईपर्यंत ते तासत बसले. हरणाच्या टाचेवरच्या धोंडशिरा दगडावर ठेचून त्यांनी केसासारखे धागे काढले. तासताना ते हळूच काहीतरी गुणगुणायचे आणि कुणी आलं की गप्प व्हायचे. तो आवाज फक्त मी ऐकला आहे. इतक्या मायेनं मला कुणी हात लावला नाही.

पण त्या शरदात म्हाताऱ्याला मोठा ताप येऊन गेला होता आणि जाताना तो त्यांचं नाक घेऊन गेला होता. ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नाही. एकदा चुलीवर भात करपून कोळसा झाला आणि हे त्याच्या शेजारीच शांत बसून राहिले. यासुकेनं ते पाहिलं. त्यानं भांडं उतरवलं आणि तोही काही बोलला नाही.

माझ्या पाठीवर शिरा बसवायच्या त्या सकाळी यासुके मासे आणायला बंदरावर निघाला होता. जाताना त्यानं सरसाच्या भांड्यावर नाक नेलं.

“बाबा, हा आंबलाय हो. चुलीच्या उबेला राहिला ना. संध्याकाळी आलो की ताजा शिजवतो, तोवर थांबा.”

“चाळीस वर्षं काय मी खळ शिजवली?” म्हातारा खेकसला. “मासे आण जा.”

यासुके गेला. म्हाताऱ्यानं भांडं नाकाशी धरलं, बराच वेळ धरलं. मग बोटानं सरस ओठाला लावून पाहिला. मला वाटलं, थांबतील. ते थांबले नाहीत. त्याच सरसात धागे बुडवून त्यांनी माझ्या पाठीवर घातले, एकेक, निगुतीनं. वरून दिसायला मी इतका देखणा झालो की यासुकेनंसुद्धा संध्याकाळी मला हातात घेऊन मान डोलावली. ताजा सरस शिजवूनच लावला असेल, असं समजला बिचारा. मी तोंड असून मुका.

मुलगी झाली. न्हाणाच्या दिवशी शुभ दिवसाचा लाल दाण्यांचा भात शिजला, शेजारीपाजारी जमले, गिहेईंची थोरली बहीण ओशिगे पलीकडच्या गावाहून आली. सुईणीनं बाळ टोपात धरलं आणि म्हाताऱ्यानं मला उचललं. पहिला टणत्कार असा खणखणीत झाला की बाळानं डोळे उघडले. दुसरा झाला. तिसऱ्याला दोरी ओढली आणि माझी पाठ फाटकन उकलली. धागे सुटून वर आले, दोरी लोंबली, आणि मी सगळ्यांसमोर उघडा पडलो.

मित्रांनो, ज्याला वाईटसाईट पळवायला बोलावलं, तोच अपशकुन झाला! तेव्हा मला चुलीत घातलं असतं तरी बरं वाटलं असतं. सुईणीनं बाळ बाहीखाली घेतलं.

“सरस कुणी शिजवला होता?” ओशिगेआत्यानं विचारलं.

घरात सरस यासुके शिजवतो हे सगळ्या गावाला ठाऊक. म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. नाक गेलं हे कळलं तर कारागिराकडे पुन्हा कोण येणार? यासुकेनं एकदा सासऱ्याकडे पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. त्यानं चटईवर कपाळ टेकलं.

“मीच शिजवला, आत्याबाई. माझी चूक झाली.”

आणि म्हाताऱ्यानं ते होऊ दिलं! ज्या हातांनी मला गुणगुणत घडवलं, ते मांडीवर गप्प पडून राहिले. माझी पाठ उकलली त्याची लाज एक आणि ही लाज दुसरी. दुसरी जास्त जड होती.

ओशिगेआत्या म्हणजे जिभेला हाड नाही. “बाहेरून आणलेला शेवटी बाहेरचाच,” ती म्हणाली. “पोरीच्या न्हाणात अपशकुन! बाळाला देवळात नेऊन आणलं की याला याच्या भावाकडे परत धाडा.” ओसेन रडली, भांडली. “अहो, तुम्ही असं करणारच नाही. खरं काय ते बोला ना!” ती नवऱ्याला म्हणाली. यासुके नुसतं म्हणाला, “बाळाला थंडी लागेल, आत घे.”

मला कार्यशाळेत भिंतीकडे तोंड करून टांगलं. म्हातारा जेवेनासा झाला. रोज येऊन माझ्यासमोर बसायचा आणि उठून जायचा. यासुके रोजच्यासारखा झाडलोट करायचा, हत्यारांना तेल लावायचा, जणू त्याला कुठे जायचंच नव्हतं.

देवळात जायचा दिवस उजाडला. बाळाला ठेवणीतलं वस्त्र घातलं, आत्या नटून दाराशी उभी, शेजारी जमलेले. यासुकेचं गाठोडं उंबऱ्याजवळ बांधून तयार. तो देवळातूनच परस्पर जाणार होता. एवढ्यात म्हातारा कामाच्या मळक्या कपड्यांत कार्यशाळेतून बाहेर आला. एका हातात मी, दुसऱ्या हातात सरसाचं भांडं.

“अरे गिहेई, हा काय अवतार!” आत्या ओरडली. “देवळात जायचंय ना?”

म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलंच नाही. त्यानं भांडं यासुकेपुढे धरलं. “हुंग.”

“बाबा, राहू द्या.” यासुके हळूच म्हणाला. “सगळे बघताहेत.”

“बघू देत. मला वास येत नाही. ताप आला तेव्हापासून येत नाही. तू सांग, हा आंबलाय का?”

आत्या मध्येच म्हणाली, “म्हणजे या कामठ्याचा सरस...”

“मी लावला. हा नको म्हणाला होता. लावला तेव्हा हा बंदरावर होता.” म्हाताऱ्याचा आवाज फाटला. “आणि तुम्ही सगळे याला बोलत होता तेव्हा मी गप्प बसलो. मला त्याची लाज वाटते. झालं? आता हुंग रे!”

यासुकेनं वाकून हुंगलं. त्याचे डोळे भरून आले होते, पण या वेळी सरसाच्या बाबतीत तो खोटं बोलला नाही. “आंबलाय, बाबा. फेकून द्या.”

म्हाताऱ्यानं भांडं तिथेच अंगणात उपडं केलं. “मग उभा काय राहिलास? देवळातून आलास की ताजा शिजव.” आणि यासुकेचं गाठोडं उचलून ते स्वतःच आत ठेवून आले.

ताज्या सरसानं यासुकेनं माझी पाठ पुन्हा जोडली. जोड दिसत होता. वरून लाख दिली असती तर लपला असता. तो ब्रश घेऊन बसला तर म्हाताऱ्यानं त्याचा हात धरला. “नको. दिसू दे.” पुढे कुणी पाहुणा आला की ते स्वतः मला उलटून दाखवायचे, “इकडचं माझं काम. जोडलं ते याचं.” दर वेळी मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं व्हायचं. त्यांनाही व्हायचं. तरी दाखवायचे.

बाळाचं नाव नुई ठेवलं, म्हणजे शिवण. तिच्या मुलांच्या न्हाणालाही मी वाजलो. हल्ली मात्र मला कुणी वाजवत नाही. कित्येक वर्षं दोरी तशीच ताणलेली आहे, अंगावर धूळ आहे, आणि दमट हवेत जुनी शिवण ठणकते. मित्रांनो, कामठ्याला विसावा लागतो. काम झालं की माझी दोरी उतरवा. कोरड्या फडक्यानं पुसा, ओल्या भिंतीला टांगू नका. एवढं केलंत तर अजून एखाद्या बाळासाठी मी वाजेन.

आणि तुमच्या घरात कधी काही तुटलं, तर सरस कुणी शिजवला हे विचारण्याआधी एकदा स्वतःचं भांडं दुसऱ्याच्या नाकाशी धरून बघा. लाज वाटेल. माझ्या म्हाताऱ्यालाही वाटली होती.

बरं, आता उलटा मला. पाठ बघा.