काहीतरीचं घर

प्रागमध्ये, किल्ल्याखालच्या चढावर, आमची पाच घरांची ओळ आहे. ती जिन्यासारखी उंच उंच होत जाते. लोक म्हणतात उतारामुळे. पण खरं कारण हेवा. पहिलं घर एका सोनाराने तीन मजली बांधलं. शेजारच्या कापडवाल्याने चौथा मजला चढवला, का तर सोनाराच्या ताटात भाजलेला हंस आहे की नुसता कोबी, हे वरून दिसावं. मग तिसरा त्याच्यावर चढला, चौथा तिसऱ्यावर, आणि पाचव्याने घर इतकं उंच नेलं की त्याच्या धुराड्यावर ऐन जूनमध्ये बर्फ असायचा. माझे आजोबा तो खरवडून सरबतात घालत. एवढ्या डामडौलात काटकसर मात्र एकच केली, ती म्हणजे बाजूची भिंत शेजाऱ्याची वापरायची. म्हणून आजही एका घरात कुणी शिंकलं की पाच घरांतून त्याला आशीर्वाद मिळतात.

प्रत्येक दारावर दोन आकडे आहेत, एक लाल, एक निळा. दोन्ही वेगळे असल्यामुळे शहाणा माणूस एकावरही विश्वास ठेवत नाही. घर ओळखायचं दारावरच्या चिन्हावरून, आणि माणूसही. मी ‘तीन टोप्यां’तला, म्हणून टोपीवाला. हिनेक व्रबा ‘सोन्याच्या हंसा’चे मालक, म्हणून हंसवाले. आमच्या दोघांच्या मधलं घर रोझालिएबाईंचं, आणि सगळा घोळ तिथेच होता.

बाईंच्या दारावर एक दगडी गोळा आहे. आजोबा सांगायचे की ते मुळात कसलंसं शिल्प होतं, जुन्या लढाईत स्वीडिश तोफेच्या गोळ्याने त्याचं डोकं खाल्लं आणि पुढे जाऊन ढेकर दिला. त्यावर दर वसंतात चुन्याचा हात फिरवून फिरवून उरलासुरला आकारही बुजला. खाटकाला त्यात मांडी दिसते, पाद्रीबाबांना कोकरू, आणि बिअरच्या गुत्त्यातून परतणाऱ्याला पिंप. एकमत कधी झालंच नाही, म्हणून ते घर ‘काहीतरी’ झालं. टपाल काहीतरीकडे, कोळसा काहीतरीकडे, आणि बाई काहीतरीबाई. त्यांना त्याचं काही वाटत नसे.

बाईंना वाटायचं ते छपराचं. माळ्यावर इतकं पाणी साचायचं, की नाताळचे कार्प मासे त्या बाजारातून आणत नसत, वरच पोसत. हे मी थोडं वाढवून सांगतोय. मासे तसे लहानच होते. पण त्या वर्षी तुळई वाकली, आणि छप्पर हिवाळ्याआधी झालं नाही तर घर सोडून पिल्झेनला बहिणीकडे राहायला जावं लागणार, हे नक्की झालं. बहीण सकाळपासून रात्रीपर्यंत गाते.

तेवढ्यात पालिकेने ठरवलं की जुन्या चिन्हांच्या घरांची छपरं पालिकेच्या खर्चाने दुरुस्त होतील. अट एकच होती, घराला नाव हवं. निरीक्षक येऊन तपासणार.

हंसवाले लगेच बाईंकडे आले. गोळा म्हणजे आपल्या हंसाचं पिल्लू आहे असं सांगा, मी साक्ष देतो, म्हणाले. बाई त्यांना ओळखून होत्या. पिल्लू ठरलं की दोन्ही घरं मुळात एक, आणि मग तळघरही सामायिक. बाईंच्या तळघरात भर उन्हाळ्यात बिअर गार राहते. हंसवाल्यांच्या तळघरात बटाटेसुद्धा घामेजतात.

मग मी मदतीला गेलो. एकाहून एक इतिहास रचून दिले. एकात तर गोळा हा तुर्की सुलतानाचा झोपलेला उंट होता. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “टोपीवाले, तुमच्या गोष्टीला पाया नाही आणि माझ्या घराला छप्पर नाही. जा आता.”

निरीक्षक आले ते ब्रनो शहरचे. तिकडची माणसं घरं नुसत्या आकड्यांवर ओळखतात, आणि प्रागचा माणूस आपली थट्टा करायलाच जन्मला आहे असं समजतात. शिडी लावून ते वर चढले, ब्रशने गोळा घासला. चुन्याचे पापुद्रे त्यांच्या टोपीवर पडले, टोपीचा केक झाला, पण गोळा गोळाच राहिला. खालून हंसवाले पिसं कुठे, चोच कुठे, ते दाखवत होते. निरीक्षकांना हळूहळू चोच दिसूही लागली.

खाली उतरून त्यांनी पेन्सिल काढली. “मालकीणबाई, घराचं नाव?”

बाईंनी एकदा छपराकडे पाहिलं. पिल्लू म्हटलं असतं तर काम झालं असतं.

“काहीतरी,” त्या म्हणाल्या.

“अहो, काहीतरीच काय सांगता?”

“काहीतरीच नाही, साहेब. नुसतं काहीतरी.”

निरीक्षकांचे कान लाल झाले. प्रागवाल्यांनी टिंगल सुरू केली, याची त्यांना खात्रीच पटली. त्यांनी पेन्सिल खिशात घातली आणि बाईंकडे पाठ फिरवली. आता पिल्झेन टळत नाही, असं मला वाटलं. साक्षीदार म्हणून निदान एक सरळ माणूस नोंदवावा, या विचाराने निरीक्षकांनी हंसवाल्यांना विचारलं, “तुम्ही कुठे राहता?”

हंसवाले ताठ उभे राहिले. प्रागमध्ये हंस पुष्कळ, काहीतरी एकच, म्हणून जन्मभर गाडीवाल्याला, डॉक्टरला, सासुरवाडीच्या पाहुण्यांना जे सांगितलं, तेच तोंडातून गेलं.

“काहीतरीच्या डावीकडे.”

हंसवाल्यांनी तोंडावर हात ठेवला, पण शब्द केव्हाच बाहेर पडला होता. निरीक्षकांनी त्यांच्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि पेन्सिल पुन्हा बाहेर आली.

“म्हणजे खरंच हे नाव आहे?”

“साहेब, शेजारी खोटं कशाला बोलतील?” बाई म्हणाल्या.

ब्रनोची माणसं कामात चोख. वहीत बाईंच्या घरापुढे त्यांनी ‘काहीतरी’ लिहिलं. आणि हंसवाल्यांच्या घरापुढे, मालकाच्या स्वतःच्या तोंडचं म्हणून, ‘काहीतरीच्या डावीकडचं’.

ऑक्टोबरात कौलं बसवणारे कारागीर आले. त्यांना शिडी लावायला हंसवाल्यांचं अंगण लागत होतं. हंसवाले त्या वेळी पालिकेत गेले होते, आपल्या दारावर सोन्याचा हंस आहे हे पटवून द्यायला. परत आले तेव्हा शिडी अंगणात उभी होती आणि बाई तळघरातून गार बिअरचा जग घेऊन वर येत होत्या. त्यांनी आधी कारागिरांचे पेले भरले.

“उरली तर तुम्हाला देते, डावीकडचे,” त्या म्हणाल्या.