वालेन्टीचं घर

दुसऱ्या महायुद्धात वेझर नदीकाठी जर्मन लोक छावणीतल्या कैद्यांना राबवून पाणबुड्या बांधायला काँक्रीटचा अवाढव्य कारखाना उभा करत होते. त्याला नाव दिलं होतं 'वालेन्टिन'. कैद्यांमधल्या वालेन्टी कुझाव्हाचं नशीबच खोटं! त्याच्याबरोबरचा कैदी, पोलंडमधल्या लुब्लिनचा न्हावी सेवेरिन, ते नाव ऐकल्यापासून त्याला 'मालक' म्हणायला लागला.

"मालक, भिंती जरा जास्तच जाड घेतल्यात. सासूला आवाज जाऊ नये म्हणून का?"

वालेन्टी उत्तर देत नसे. खांद्यावर सिमेंटची गोण असली की बोलायला दम कुठून आणायचा?

थंडी पडली तेव्हा सेवेरिननं सिमेंटच्या रिकाम्या कागदी पिशवीला भोकं पाडली आणि ती वालेन्टीला सदऱ्याखाली घालायला दिली. सापडलं तर फटके ठरलेले. वालेन्टी चालला की कागद करकरायचा.

"नव्या नवरीसारखा सळसळतोयस, मेल्या. हळू चाल."

एका सकाळी हजेरीच्या रांगेत पहारेकरी नेमका वालेन्टीसमोर थांबला. वालेन्टीनं श्वास घेतला आणि कागद वाजला. त्याच क्षणी शेजारचा सेवेरिन जोरजोरात खोकू लागला, वाकून, डोळे पांढरे करून. पहारेकऱ्यानं त्याच्या पाठीत दंडुका घातला आणि क्षयाच्या धास्तीनं घाईघाईनं पुढं सरकला.

"नाटक बरं जमलं," संध्याकाळी सेवेरिन म्हणाला. पण थोड्या दिवसांनी खोकला खरोखरच आला, आणि जाईना. वालेन्टीनं कागद काढून त्याच्या अंगात घातला.

"भाडेकरूची एवढी काळजी? भाडं वाढवणार वाटतं!"

एप्रिलमध्ये ब्रिटिश सैन्य जवळ आलं, तशी जर्मनांनी छावणी रिकामी करून सगळ्यांना चालत बाहेर काढलं. मागं राहील त्याला गोळी. पहिल्याच चढावर सेवेरिन खाली बसला.

"जा तू. मी इथं जरा हवा खातो."

वालेन्टीनं त्याला ओढून पाठीवर घेतलं. सिमेंटच्या गोणीपेक्षा तो हलका लागला, आणि त्यामुळेच वालेन्टीला रडू आलं.

"धक्के फार बसतायत," कानाशी कुरकुर झाली. "लुब्लिनला याहून बऱ्या गाड्या मिळतात."

"गप बस, नाहीतर उतरवीन!" वालेन्टी ओरडला. इतक्या महिन्यांत त्यानं पहिल्यांदाच उलट उत्तर दिलं होतं. पाठीवर सेवेरिन इतका हसला की दोघंही पडता पडता वाचले.

ब्रिटिशांनी वाटेत सगळ्यांची सुटका केली; त्यांच्या दवाखान्यात खाट मिळेपर्यंत वालेन्टीनं त्याला सोडलं नाही. उन्हाळा संपताना सेवेरिन उठून बसला, आणि आधी त्यानं वस्तरा मागितला. वालेन्टीची दाढी त्याला बघवत नव्हती.