कुंझेसने दाखवलेला झरा

कुंझेसने चष्मा लावलाच नाही. नकाशावरच्या त्या तपकिरी रेषा साठ वर्षांपूर्वी, ती सोळाची असताना, मोजणीवाल्यांच्या तंबूत एका म्हाताऱ्याने तिला शिकवल्या होत्या. रेषा दाटल्या की चढ, पसरल्या की माळ. किती जीव लावून शिकवायचा बिचारा!

"आमाले, बघा ना," आज लेहहून तिच्या तंबूत आलेला नोर्फेल साहेब आईला हाक मारावी तसं म्हणाला, "अख्ख्या खोऱ्यात गोड्या पाण्याची खूण नाही. म्हणजे चराई नाही, वस्ती नाही. पडीक जमीन. कुंपण घालून सौरपट्ट्या बसवायच्यात."

"वस्ती नाही? मग एवढे हिवाळे मी काय ढगात काढले?"

तंबूतले सगळे हसले. कुंझेस हसली नाही. त्या खोऱ्यातला झरा कडाक्यातही गोठत नसे. चांगथांग पठारावरच्या त्यांच्या वस्तीच्या तीनशे मेंढ्या त्याच्याच काठी व्यायच्या. तिथे कुंपण घातलं तर कळप संपला.

आणि खूण नव्हती ती तिच्यामुळेच. परक्याला झरा दाखवला तर पाण्यातले नाग रुसतात, पाणी आटतं. म्हणून तेव्हा तिच्या वडिलांनी, आबांनी बजावलं होतं, "पाहुण्यांना त्या घळीत नेऊ नकोस." तिने मोजणीवाल्यांना डोंगरधारेच्या अलीकडूनच फिरवून आणलं होतं.

"पलीकडे काय आहे गं पोरी?" म्हाताऱ्याने विचारलं होतं.

"दगड."

त्याने विश्वास ठेवला.

आता तिने नकाशावर वाकून रेषांची ती चिमटीसारखी घडी शोधली.

"कुंझेस, तोंड आवर," शेजारचा त्सेपाल पुटपुटला.

"आवरलं होतं की एकदा! त्याचंच तर आपण भोगतोय." तिने घडीवर नख टेकवलं. "इथे. बारमाही झरा."

"नक्की?"

"माझी तिन्ही पोरं त्याच पाण्यावर वाढली."

साहेबाचा चेहरा उजळला. त्याने निळ्या शाईच्या पेनाने तिथे ठसठशीत ठिपका दिला. कुंझेसला हायसं वाटलं. इतक्यात त्याने फोन काढला.

"सर, छावणीच्या पाण्याचं काम झालं! पट्ट्या बसवणाऱ्या तीनशे मजुरांना पुरेल. टँकर नकोत आता."

"आणि आमचं कुरण?" तिने विचारलं.

"ते कुठे आहे नकाशात, आमाले?"

शाई अजून ओली होती. कुंझेसने अंगठ्याने ठिपका जोरात घासला. तो पुसला गेला नाही. पसरला, आणि सगळी घळ निळी झाली.