माझ्या हँडलावरची जुनी टेप

मित्रांनो, मी एक जुनी शर्यतीची सायकल आहे, आणि परवाच्या रविवारपासून माझा थरकाप थांबलेला नाही. सायकलीला कसला आलाय थरकाप, असं तुम्ही म्हणाल. पण आधी झालं ते ऐका, मग खुशाल हसा.

ट्रायथलॉन नावाची एक तिहेरी शर्यत असते. आधी पाण्यात पोहायचं, मग तशाच ओल्या अंगाने सायकलवर बसायचं आणि शेवटी सायकल टाकून धावत सुटायचं. ज्याने ही शर्यत शोधून काढली, त्याला घरी बसायचा फार कंटाळा असावा. तिच्या मधल्या टप्प्यासाठी माझा जन्म झाला. एका म्हाताऱ्या कारागिराने पोलादाच्या बारीक नळ्या पितळेने जोडून माझी फ्रेम घडवली. हँडल मात्र अ‍ॅल्युमिनियमचं, फुलासारखं हलकं. त्यातून पुढे दोन शिंगं काढलेली. स्वाराने कोपरं छोट्या गाद्यांवर टेकून ती शिंगं धरायची आणि वाऱ्याला चुकवत पळायचं. माझा रंग पिवळाधमक, त्यावर जांभळे शिंतोडे. पहिल्यांदा गल्लीत आले तेव्हा समोरच्या आजोबांनी चष्मा पुसून पुन्हा लावला आणि विचारलं, "हिला ब्रेक लावायचा की वेसण घालायची?"

मला आणलं ते ताईने. ती पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक होती. दिवसभर शिट्टी गळ्यात अडकवून बुडणाऱ्यांवर नजर ठेवायची आणि सुट्टी झाली की माझ्यावर बसायची. तिचा धाकटा भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याने बारीक कुंचल्याने माझ्या फ्रेमवर लाल अक्षरांत तिचं टोपणनाव लिहिलं, 'भिंगरी'. वेलांटी अशी झोकात काढली की लोक थांबून बघायचे. ताई मात्र त्याला जन्मभर 'ठोंब्या'च म्हणत आली.

ताईचा एक नेम होता. कितीही घाई असो, शर्यतीच्या आदल्या दिवशी ती माझ्या हँडलावरची टेप फाडून काढायची. घामाने भिजलेली, मळलेली ती पट्टी टाकून द्यायची. मग हँडल गोड्या पाण्याने धुऊन पुसायची, त्याच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत अंगठा फिरवायची आणि नवी टेप गुंडाळायची. ठोंब्या ओरडायचा, "अगं, चांगली आहे की अजून! किती उधळपट्टी!" ताई म्हणायची, "तू तुझे कुंचले धुतोस ना? मग गप बस."

मित्रांनो, त्या अंगठ्याचं महत्त्व तेव्हा मलाही कळलं नव्हतं.

आम्ही दोघींनी खूप शर्यती केल्या. काही जिंकलो, बऱ्याच हरलो, एकदा वाट चुकून कोंबड्यांच्या खुराड्यात शिरलो. माझी शेवटची शर्यत समुद्रकाठी झाली. ताई खाऱ्या पाण्यातून बाहेर आली ती निथळतच माझ्यावर बसली. तिच्या केसांतून, नाकाच्या शेंड्यावरून, कोपरांवरून पाणी गळत होतं आणि सगळं टेपमध्ये मुरत होतं. त्या दिवशी ती दुसरी आली. लोक टाळ्या वाजवत होते, आणि तेवढ्यात गर्दीतून ठोंब्या धावत आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ताई, आई पडली. बोलत नाहीये."

टाळ्या चालूच होत्या. ताईच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला. मला कुणी धुतलं नाही, पुसलं नाही. घरी आणून जिन्याखाली टेकवलं. आई अंथरुणाला खिळली ती उठली नाही, आणि ताई तिच्या उशापासून हलली नाही. पुढे आई गेली, ताईची दुसऱ्या गावच्या तलावावर बदली झाली, आणि मी जिन्याखालीच राहिले.

तिथे माझे सोबती म्हणजे केरसुणी, रंगाचे रिकामे डबे आणि रद्दीचा गठ्ठा. ठोंब्याची बायको येता-जाता करवादायची, "ही शिंगं रोज माझ्या पिशवीला अडकतात! एक तर ही तरी राहील या घरात, नाहीतर मी." ठोंब्या म्हणायचा, "थोडं थांब, विचार करतो." त्यावर आठवडाभर त्याला जेवताना तोंडभर बोलणी मिळाली, पण मला कुणी हलवलं नाही.

लोक म्हणतात, खाल्ल्या मिठाला जागावं. मी ताईचं मीठ खाल्लं होतं, घामाचं आणि समुद्राचं. आता त्या अंधारात तेच मीठ टेपच्या आत बसून मला खात होतं. अगदी हळू, उंदरासारखं. बाहेरून काही दिसत नव्हतं. आणि सायकलीला तोंड नसतं, मित्रांनो.

वर्षं लोटली. पाट्या यंत्रावर छापल्या जाऊ लागल्या आणि ठोंब्याच्या हाताला काम उरलं नाही. एके सकाळी तो एका दुकानाचं शटर रंगवत होता. समोरून एक टक्कल पडलेले गृहस्थ माझ्यासारख्याच शिंगवाल्या सायकलवरून सूं करत गेले. ठोंब्याच्या हातातला डबा सुटला. भुताला पाहावं तसा तो बघत राहिला आणि मग हातात निळा कुंचला घेऊन त्यांच्यामागे धावत सुटला.

"अहो! अहो, थांबा! ही अजून चालते?"

"चालते म्हणजे?" ते गृहस्थ ब्रेक दाबत म्हणाले. "आम्ही दहा-बाराजण आहोत. दर रविवारी भेटतो. आधी तो कुंचला माझ्या शर्टापासून लांब धरा."

ते दातांचे डॉक्टर होते आणि जुन्या ट्रायथलॉन सायकलींच्या मंडळींचे म्होरके. ही मंडळी म्हणजे अजब प्रकरण. कुणी भंगारातून फ्रेम उचलून आणतो, कुणी एका गिअरच्या खटक्यासाठी तीन गावं पालथी घालतो. त्यांचा एकच धर्म, जे मूळचं तेच मोलाचं. नवा स्क्रू दिसला तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. वर्षातून एकदा धरणाजवळच्या उतारावर त्यांचा मेळावा भरायचा आणि ज्याची सायकल सगळ्यांत मूळ रूपात असेल, त्याच्या गळ्यात हार पडायचा.

डॉक्टर मला बघायला घरी आले. जिन्याखाली वाकले, चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्या हँडलापाशी येऊन त्यांचा श्वासच अडकला.

"ही टेप तीच आहे? त्या काळची? अहो, अशी टेप आता कुठे डोळ्यांना दिसत नाही! हे बघा, बाकी काहीही करा, हिला हात लावू नका. सोडलीत तर गेली."

"हात कसा लावीन?" ठोंब्या म्हणाला. "हिच्यावर माझ्या ताईच्या पंजांचे ठसे आहेत."

खरंच होते. तिचे अंगठे टेकायचे तिथे दोन काळपट डाग उमटले होते.

मग ठोंब्याने मला माणसात आणलं, किंवा सायकलीत म्हणा. त्याने गंज घासला, चाकांचे आरे एकेक करून ताणले, साखळी रॉकेलमध्ये बुडवून ठेवली. 'भिंगरी'ची अक्षरं पुन्हा भरताना तो श्वास रोखून बसायचा. टेपवर मात्र त्याने प्लॅस्टिकची पिशवी बांधली होती, तिच्यावर रंगाचा थेंब उडू नये म्हणून. बायकोने विचारलं, "सगळी सायकल नवरीसारखी सजवली, आणि ही मळकी चिंधी कशाला ठेवली?" तो म्हणाला, "ते तुला कळायचं नाही."

मित्रांनो, तेव्हा मी ओरडत होते. खरंच ओरडत होते. एक दिवस तो मला पुलावरून खाली घेऊन गेला, तेव्हा हँडलातून आवाज आला, टक्. त्याने कान दिला. पुन्हा, टक्. घरी येऊन त्याने सीटच्या नळीत तेल सोडलं, मग पॅडलमध्ये सोडलं, आणि समाधानाने हात पुसले. पोट दुखतंय आणि डॉक्टर कानात औषध घालतोय, असं झालं ते. तो हलक्या अंगाचा, जपून बसणारा माणूस म्हणून वाचला.

आणि मग त्याने ताईला बोलावलं. काय आहे ते सांगितलं नाही, फक्त धरणाजवळ ये म्हणाला. मेळाव्यात सगळ्यांच्या पुढे ताईने मला उतारावरून न्यायचं, असा त्याचा बेत होता. ताई शिंगं धरून सगळा भार पुढे टाकते, हे मला ठाऊक होतं. तो उतारही मी पाहिला होता. खाली वळण होतं आणि वळणावर दगडी कठडा.

रविवारी ताई आली. केस पांढरे झालेले, पण खांदे तेच पोहणारीचे. गळ्यात जुन्या सवयीने शिट्टी. ठोंब्याने माझ्यावरची चादर ओढली आणि ताई जागच्या जागी थिजली. तिने तोंडावर हात ठेवला. मग 'भिंगरी'च्या वेलांटीवरून बोट फिरवलं.

"ठोंब्या," ती म्हणाली, "अरे मेल्या, मला वाटलं हिला तू केव्हाच भंगारात घातलीस."

"बस ना, ताई. सगळे थांबलेत तुझ्यासाठी."

ताईने मला हाताने चाचपलं. चाकं दाबून पाहिली. मग पिशवीतून चाकू काढला, फळं कापायचा.

"अहो ताई, काय करताय!" डॉक्टर पुढे झेपावले. "ती त्या काळची टेप आहे!"

"म्हणूनच. शर्यतीआधी टेप बदलायची असते."

"पण ही शर्यत नाहीये, नुसती फेरी आहे!"

"उतार आहे ना?"

ठोंब्याने तिचा हात धरला. "ताई, नको गं. तिच्यात तुझा हात आहे. तू गावाला गेलीस, तेव्हापासून मी तोच बघतोय."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. मग चाकूचा हात मागे घेऊन दुसरा हात त्याच्या हातात दिला.

"माझा हात हा आहे, वेड्या. हा धर."

आणि तिने टेपचं टोक कापून खसकन ओढलं. दहा-बारा पिकल्या केसांच्या माणसांच्या तोंडून एकदम 'आईगं' निघालं. पण पुढचा वेढा सुटला आणि सगळ्यांची दातखीळ बसली. आतून मिठाने खाल्लेल्या अ‍ॅल्युमिनियमची पिठासारखी पांढरी भुकटी भुरभुर खाली पडली. ती ताईच्या बुटांवर सांडली. आणखी दोन वेढे सुटले. माझं हँडल भोकाभोकांचं झालं होतं, वाळवी लागलेल्या फळीसारखं. ताईने जुन्या सवयीने त्याच्यावरून अंगठा फिरवला. अंगठा मध्येच आत गेला. तिने दोन्ही हातांनी शिंगं धरून जरासा जोर लावला, फक्त जरासा, आणि बिस्कीट मोडावं तसं हँडल तिच्या हातात मोडून आलं.

धरणाच्या पाण्याचा आवाज तेवढा येत होता.

ठोंब्या मटकन रस्त्यावर बसला. तो उताराकडे बघत होता, मग कठड्याकडे, मग ताईच्या हातातल्या शिंगांकडे. "टक् वाजत होतं," तो पुटपुटला. "मी तेल घातलं. ताई, मी तेल घातलं गं."

"मी सांगितलं होतं त्यांना, हात लावू नका म्हणून," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या टकलावर घाम फुटला होता. "जन्मभर लोकांच्या दातांवरच्या टोप्या काढून खालची कीड दाखवत आलो, आणि इथे..." त्यांनी ताईकडून चाकू मागून घेतला आणि स्वतःच्या सायकलजवळ गेले. तिची टेप माझ्या टेपहून जुनी होती, आणि दरवर्षी हार तिलाच मिळायचा. डॉक्टरांनी ती कापली. खाली तीच पांढरी भुकटी.

मग एकेक जण रस्त्याच्या कडेला बसला आणि आपापली टेप सोडू लागला. त्या दिवशी उतारावरून कुणीही गेलं नाही. आणखी एक हँडल किडलेलं निघालं. त्याचा मालक ते मांडीवर घेऊन बसला होता. सकाळी मेळाव्याला येताना त्याने आपल्या नातीला पुढे बसवून आणलं होतं.

हार तसाच पिशवीत राहिला. ठोंब्याची बायकोही मेळाव्याला आली होती, जाताना तिने तो उचलला आणि ताईच्या गळ्यात घातला. "आता तुम्हीच सांगा यांना, ताई," ती म्हणाली. "मी 'चिंधी' म्हटलं तेव्हा यांना राग आला होता."

मित्रांनो, ठोंब्यावर माझा राग नाही. माझ्यावर इतकी माया कुणी केली नसेल. पण त्याची माया वरूनच फिरली, आत बघायला घाबरली. तुमच्याही घरी काही जपून ठेवलेलं असेल, आठवण म्हणून घट्ट गुंडाळलेलं. ते एकदा सोडा. धुवा, पुसा, अंगठा फिरवा. आवाज आला तर आधी कान द्या आणि तेलाच्या डब्याला नंतर हात घाला.

काल डॉक्टरांनी नवं हँडल आणून दिलं. ते मूळचं नाही, ते सांगताना त्यांची मान खाली होती. आज ताई अंगणात बसून टेप गुंडाळत होती आणि ठोंब्याने दुसरं टोक ताणून धरलं होतं.

"ओढ की नीट! जेवला नाहीस का?"

"ओढतोय गं!"

टेप कोरी आहे, पांढरीशुभ्र. अजून तिच्यावर कुणाच्या हाताचा डाग नाही. उद्या सकाळी ताई मला घेऊन निघणार आहे. मला अजून भीती वाटते. पण तिने टेप लावण्याआधी अंगठा फिरवला होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग तिने ठोंब्याचा हात धरला आणि त्याचाही अंगठा फिरवून घेतला.