यंत्राला विश्रांती

"ह्यो हार आता कुठं घालायचा?"

मच्छिंद्रअण्णा झेंडूचा हार हातात घेऊन सर्व्हरच्या खोलीच्या दारात उभे होते. आत पुठ्ठ्याची रिकामी खोकी आणि एक मोडकी खुर्ची. सर्व्हर उन्हाळ्यातच भंगारात गेला होता.

"अण्णा, मशीन इथं नाही आता. क्लाउडवर आहे," कचरू ओव्हाळ म्हणाला.

"म्हंजी कुठं?"

"मुंबईला असेल, नाहीतर आणखी कुठं. आपण भाड्यानं घेतलंय."

"भाड्यानं? कात्रजात एवढी जागा हाय आपली, आन भाड्यानं?"

मी आरतीचं ताट धरून मागे उभी होते. मला हसू आलं, पण प्रश्न काही वेडगळ नव्हता. अण्णांच्या चिरंजीवांनी, म्हणजे विश्वजीतनी, खराडीत काचेचं ऑफिस थाटल्यापासून त्यांना जमिनीवरचं काही आवडेनासंच झालं होतं. आम्ही कात्रजला राहिलेली माणसंसुद्धा त्यातच आलो.

मी जया. इथले हिशेब बघते. आमची कंपनी दूध थंड ठेवायच्या टाक्या बनवते. गावोगावच्या संकलन केंद्रांवर त्या बसतात. कचरू इथे गोडाऊनमध्ये माल उचलायला लागला आणि रात्रीच्या क्लासला जाऊन कॉम्प्युटर शिकला. पहिला सर्व्हर आला तेव्हा त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती, याने लावला. तेव्हापासून ती खोली त्याची. बुधवार पेठ पालथी घालून पार्ट आणायचा, पण मशीन बंद पडू द्यायचा नाही. क्लाउडवर सगळं हलवायचं ठरलं तेव्हा तेही त्यानेच केलं, मुकाट्याने, स्वतःच्याच खुर्चीचे पाय कापत. पोरीचं कॉलेज व्हायचं होतं आणि या वयात त्याला दुसरीकडे कोण उभं करणार होतं?

आमच्याकडे खंडेनवमीला सगळी यंत्रं धुऊनपुसून ठेवतात. अण्णा पूजा करतात, आणि नैवेद्य दाखवून होईपर्यंत एकही यंत्र चालू करायचं नाही. वर्षभर राबतात, एक दिवस त्यांना विश्रांती. लेथ बंद, प्रेस बंद, आणि सर्व्हर आल्यापासून सर्व्हरही बंद. कचरूचं घर बौद्ध. तो कुंकू लावायचा नाही, आरतीला टाळ्या वाजवायचा नाही. पण सर्व्हर स्वतः पुसायचा, वेळेवर बंद करायचा आणि बाजूला उभा राहायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "पूजा अण्णांची, मशीन माझं. त्यात भांडण कुठं आहे?"

अण्णांनी हार त्याच्या टेबलावरच्या स्क्रीनला घातला. मग म्हणाले, "कुठं का असंना, हितनं बंद तर करता येतंय न्हवं?"

"येतं."

"मग कर."

"अण्णा, पूर्वी त्याच्यावर नुसते हिशेब होते. आता विश्वजीतनी टाक्यांचे अलार्म पण त्यावरच ठेवलेत. एखादी टाकी गरम झाली तर केंद्रावरच्या माणसाला फोन जातो. बंद केलं तर जायचा नाही."

"आरं, सकाळी भरल्यालं दूध दुपारपत्तूर नासतंय व्हय? टाक्या आपल्याच हायती."

"मी विश्वजीतना एक फोन लावतो."

"लाव की. आन उद्यापासनं त्यालाच मालक म्हण."

कचरूने माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार? मी एवढंच म्हणाले, "अहो अण्णा, राहू द्या ना. हार घातलाय ना, पोचेल वरपर्यंत." अण्णांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. कचरू खाली बसला, हार जरा बाजूला सारला आणि मशीन बंद केलं.

पुढे पूजा रेंगाळली. अण्णांना प्रत्येक यंत्रापुढे नारळ फोडायचा असतो, आणि भटजी तर घाईत असलेले मी कधी पाहिलेच नाहीत. नैवेद्य व्हायला भर दुपार झाली. शेडमध्ये पंगत मांडायला सुरुवात झाली तेव्हा कचरूने मशीन चालू केलं. लगेच त्याचा चेहरा उतरला. दौंडकडच्या एका केंद्रावरचा कॉम्प्रेसर सकाळीच बंद पडला होता. सणाची सुट्टी, केंद्रावरचा माणूस अलार्मच्या भरवशावर घरी गेलेला. अख्ख्या गावाचं सकाळचं दूध नासलं होतं.

जेवायला म्हणून निघालेले विश्वजीत आणि खराडीचं ऑफिस बघणारी त्यांची बायको ऋतुजा पोचले ते फोनवर बोलतच. गिऱ्हाइकाला आजच्या आज लेखी खुलासा हवा होता. अण्णांच्या केबिनमध्ये आम्हाला बोलावलं. एरवी विश्वजीत त्याला कचरूकाका म्हणायचे. लहानपणी त्याच सर्व्हरच्या गार खोलीत याच्या शेजारी बसून गेम खेळलेले. त्या दिवशी म्हणाले, "ओव्हाळ, कुणाच्या परमिशननं स्टॉप केलं?"

"अण्णांनी सांगितलं. पूजेसाठी."

विश्वजीतनी बापाकडे बघितलं. अण्णांनी सरळ कानांवर हात ठेवले. "म्या कशाला सांगू? मला काय कळतंय त्यातलं?"

मला राहवलं नाही. "अण्णा, माझ्यासमोर सांगितलंत तुम्ही. यांनी नको म्हटलं होतं, तेही मी ऐकलंय."

"जयाबाई, तुमी आरतीचं ताट बघत हुता. तुमाला काय ऐकू येतंय?"

बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस, पण पोराच्या डोळ्याला डोळा देईना. संताप आला मला. नंतर वाटलं, पोराने मोठं ऑफिस थाटल्यावर याच्याकडे मालकपणाचं एवढंच उरलंय, ही पूजा. तीच चुकली म्हणायची म्हणजे मग काय राहिलं? पण म्हणून कचरूच्या गळ्यात घालायचं?

विश्वजीत शांतपणे म्हणाले, आणि तेच मला जास्त लागलं. "तुम्ही तर पूजाबिजा मानत नाही ना? उद्या दसऱ्याला तुमचा वेगळा प्रोग्रॅम असतो. मग पूजेसाठी बंद केलं, हे कोणाला पटेल? सर्व्हर रूम गेली याचा राग होता तुम्हाला, सगळ्यांना माहितीये."

कचरू म्हणाला, "पूजा माझी नव्हती, म्हणूनच सांगितलं तसं केलं. माझी असती तर मी अण्णांशी भांडलो असतो."

ऋतुजाने तोवर लॅपटॉपवर खुलासा टाइप करून छापून आणला होता. कागद तिने पुढे सरकवला. "काका, प्लीज साइन करा ना. फॉर्मॅलिटी आहे. सोमवारपासून तुम्ही नॉर्मल या, नथिंग विल हॅपन."

त्याने चष्मा लावून वाचलं. मीही मान वाकडी करून वाचलं. 'मी कोणालाही न विचारता, स्वतःच्या निर्णयाने यंत्रणा बंद केली,' असं होतं.

"हे एवढं वाक्य काढा," तो म्हणाला. "बाकी सगळं घ्या माझ्यावर. हात माझाच होता. पण न विचारता नाही."

"तेच तर वाक्य आहे," विश्वजीत म्हणाले. "नाहीतर मग आपला रस्ता वेगळा."

कचरू अण्णांकडे वळला. "अण्णा, आपण एकदा म्हणा. यांच्यासमोर नको, नुसतं माझ्याकडे बघून म्हणा. मी सही करतो."

अण्णा भिंतीवरच्या खंडोबाच्या तसबिरीकडे बघत राहिले. मग कचरूने पेनाला टोपण लावलं, कागदावर ठेवलं आणि चष्मा काढून खिशात घातला. पासवर्ड सगळे ऋतुजाला दिलेलेच होते, मागायला काही उरलं नव्हतं.

तो शेडमधून बाहेर निघाला तसे अण्णा मागोमाग लगबगीने दारापर्यंत आले.

"कचरू, सणाचा दिस हाय. उपाशी जाऊ नगंस. जेवून जा."

"आपण बसा अण्णा," तो म्हणाला. "माणसं खोळंबलीत."

आणि चपला घालून गेटाकडे चालू लागला, नेहमीच्याच चालीने. पंगत बसली. लेथवाल्या पोपटच्या शेजारी त्याची नेहमीची जागा. वाढणाऱ्यांना काय माहीत? त्यांनी त्या पानावरही मीठ वाढलं आणि पुढे गेले.