चार गुळगुळीत बटणं

...आणि बाकी सगळ्या बटणांवरची अक्षरं ठसठशीत, फक्त डाव्या हाताची ही चार तेवढी गुळगुळीत, कोणी चाटूनपुसून ठेवल्यासारखी — फटीत कोणाचा तरी आखूड कुरळा केस, आणि केसाला चिकटलेलं पिवळट काहीतरी, भाताचं शीत असेल, नखाचा तुकडा असेल... एरिबेर्तोने पुढे केलेला हात मागे घेतला. तरी नजर हलेना. माणसाचं असंच असतं बघा, किळस आली की आधी तिकडेच बघतो.

"काय शेजारी, लावा की हात. चावत नाही तो कीबोर्ड," काउंटरमागून यादिरा म्हणाली.

ग्वायाकिलच्या नदीकाठच्या बाजारात गिऱ्हाईक म्हणजे शेजारी, मग तो कुठूनही येवो. यादिरा या जुन्या कॉम्प्युटरांच्या दुकानाची मालकीण. अंगाने भरलेली, एका हातात कच्च्या केळ्याचा तळलेला गोळा, दुसऱ्या हातात पेचकस, आणि कुठला हात तोंडात जातो नि कुठला उघड्या मशीनमध्ये, याचं बाईला काही नाही.

"ही चारच का झिजली?"

"खेळणाऱ्याचा होता. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे... खेळात चालायचं असतं ना, ते ह्या चारांवर. दिवसभर चालतात मेले. खुर्चीतलं बूड नाही हलत."

दिवसभर चालतात. एरिबेर्तोला एकदम ते बूट आठवले, आणि त्याने ते ढकलले मागे, जसे ते पलंगाखाली ढकललेले होते तसेच.

कॉम्प्युटर त्याला नकोच होता. बर्फाची वखार त्याची, बापापासूनची; होडीवाले येतात, कोळंबीवाले येतात, लादी फोडून द्यायची, ओल्या कागदावर बिल खरडायचं, संपलं. पण सरकार म्हणतं, आता बिलं कॉम्प्युटरवरूनच. आणि नार्सिसा म्हणाली — एकुलती एक, आई गेल्यापासून घर तिच्याच जिवावर — ती म्हणाली, बाबा, बिलं वेलिंग्टन करेल, पण नुसतं बिलांचं डबडं आणू नकोस, थोडं खेळताही आलं पाहिजे, नाहीतर तो बसायचा नाही त्याच्यापुढे.

वेलिंग्टन. जावईबापू. नाव बघा आणि माणूस बघा! सकाळी मासळीचं कालवण ओरपतो, एका हाताने चमचा, दुसऱ्या हाताने मोबाइलवर ढिशुम ढिशुम. कांदा दातांत, अंगठा चाटतो आणि तोच अंगठा परत काचेवर, काचेवर तेलाचा पट्टा — आणि हात पुसतो कशाला, तर नार्सिसाच्या बाहीला. तीही हसते. मी बघतो ते, आणि माझा घास तोंडातल्या तोंडात फुगत जातो. त्याची चप्पल दारात असली तरी मी पाय आखडून पलीकडून जातो. का, ते सांगता यायचं नाही. तो कधी उलटून बोलत नाही, पीत नाही, हात उचलत नाही. नुसता असतो. ओल्या फडक्यासारखा पडलेला असतो.

"तर शेजारी, काम काय आणि बजेट काय?"

त्याने सांगितलं. यादिराने तोंड वाकडं केलं, पण दुकानदार लोक करतातच.

"मग असं करा. हा घ्या, कुठल्याशा बँकेतनं उतरलेला. बिलं, पत्रं, हिशेब, पाणी प्यायल्यासारखं करेल. आणि खेळायचं असेल तर तो दुसरा. वेगळं कार्ड घालू नका, झेपायचं नाही तुम्हाला. त्याच्या प्रोसेसरातच चित्रांची सोय आहे. रॅमच्या दोन पट्ट्या लावते, एक नको, दोनच. फुटबॉल, गाड्या, थोडी मारामारी चालेल. फार हाव धरलीत तर अडखळेल."

बँकेतल्या खोक्याच्या झाकणावर स्टिकर ओरबाडल्याचा चिकट डाग होता, त्यात मुंगी अडकून मेलेली. उघडलेल्या पोटात धुळीची लव. त्याला वाटलं, हेच घ्यावं. हेच लायकीचं आहे त्याच्या. बस म्हणावं बिलं खरडत...

आणि मग बूट आलेच. ढकलले तरी आले. काल पाण्याचा पंप बंद पडला म्हणून तो पान्हा शोधायला मुलगी-जावयाच्या खोलीत गेला, वाकला, तर पलंगाखाली रबरी बूट. नवेकोरे, गुडघ्यापर्यंतचे, आत अजून कागदाचे बोळे. वेलिंग्टनचा मावसभाऊ असेच बूट घेऊन उत्तरेकडे गेला होता, जंगलातून, चिखलातून, पलीकडे अमेरिकेपर्यंत पायी जातात तसा. जा म्हणावं. आधी हेच वाटलं, अगदी गार वाटलं छातीत — जा बाबा, सुटलो. मग त्याच्यामागे दुसरा जोड दिसला. लहान. नार्सिसाचा पाय लहान आहे, आईवर गेलाय.

कोपऱ्यावरच्या आउरेलियोची मुलगी अशीच गेली. जंगलाच्या तोंडावरून तिचा फोन आला, पुढे नाही. आउरेलियो बर्फ न्यायला येतो, आणि कोणाचाही फोन वाजला की आपला खिसा चाचपतो. लादी वितळते, तरी उभाच.

"शेजारी? झोपलात का उभ्या उभ्या?"

"तो दुसरा," एरिबेर्तो म्हणाला, आणि घसा खाकरला. "त्याच्यावर... माणूस किती वेळ बसेल?"

"म्हणजे?"

"म्हणजे खेळायला बसला की उठणार नाही, असं पाहिजे."

यादिराचा हात गोळ्यासकट तोंडापाशी थांबला. मग ती अशी हसली की शेजारच्या दुकानातल्या बाईने मान काढून बघितलं. "ऐकलंस का गं? अहो, इथे आया येऊन रडतात, पोरगं उठत नाही म्हणून. न उठणारं मशीन मागणारे तुम्हीच पहिले! कोणाला बांधून ठेवायचंय?"

"कोणाला नाही. तुम्ही द्या."

"देते की. दोन पट्ट्यांच्या जागी मोठ्या दोन घालते. बसला की मुळं फुटतील त्याला."

मुळं फुटतील... आणि त्याने मान डोलावली, गिऱ्हाईक डोलावतं तशी, व्यवहाराची. मासा बर्फात घातला की कुजत नाही. एवढंच तर त्याला येत होतं, जन्मभर तेच केलं होतं. डोळे उघडे राहतात माशाचे, ताजे दिसतात, घेणारा फसतो.

पैसे दिले आणि सवयीने तोंडातून निघालं, "आणि यापा? वर काय घालणार?" यापा घेतल्याशिवाय या बाजारातून कोणी उठत नाही, वरचं काहीतरी मिळालंच पाहिजे, केळं का असेना. यादिराने तोच कीबोर्ड खोक्यावर ठेवला. "घ्या. धुतला की नवा. चालायची बटणं आयतीच मऊ झालीत."

नको म्हणता आलं असतं.

बसमध्ये खोकं मांडीवर, वर कीबोर्ड. उन्हाने प्लॅस्टिक तापलं, आणि त्यातून दुसऱ्याच्या हातांचा वास यायला लागला, आंबूस, घामट. फोन वाजला. नार्सिसा.

"घेतलंस का बाबा? खेळता येईल ना त्यावर?"

"येईल."

मागून वेलिंग्टन ओरडला, "सासरेबुवा, खुर्चीपण आणा हो! आता आपण तिथेच!" आणि हसला. एरिबेर्तोने ते हसणं कानाशी धरलं, नाणं वाजवून बघतात तसं. खोटं असेल तर कळेल... काही कळलं नाही.

"बाबा," आता तिचा आवाज खाली आला होता, "काल आमच्या खोलीत गेला होतास का?"

"मी? नाही."

"बरं. जेवायला थांबते मी." फोन बंद.

बस पुलावर चढली. खाली नदी, गढूळ, भरतीने उलटी वाहणारी. त्याला ती खुर्ची दिसली, आणि खुर्चीत पसरलेला तो, तोंड उघडं, अंगठा तेलकट, दिवसामागून दिवस... बरं वाटायला हवं होतं. पण खुर्चीच्या मागे कोणी उभं होतं, ताट घेऊन, बाही पुढे करून, आणि ती हसत नव्हती. पाय मात्र लहान होते. तिलाही मीच... तिच्यासाठीही त्या मोठ्या दोन पट्ट्या मीच घालून घेतल्या.

मग त्याच्या लक्षात आलं की आपली बोटं त्या चार बटणांवर आहेत. कधी गेली, माहीत नाही. दाबतायत. पुढे, डावीकडे, मागे, उजवीकडे, परत पुढे. तो केस बोटाला लागत होता. किळस आली, पण ती आता केसाची नव्हती, वेलिंग्टनची तर नव्हतीच. ती आतून, स्वतःच्या मनगटातून खाली उतरत बोटांपर्यंत येत होती, आणि बोटं उचलली की ती थांबेल हे त्याला कळत होतं.

पुढे. डावीकडे. मागे...