बद्द आवाज

"आवं, मी काय मेंढी हाय व्हय? किती वाजवताय!" तानाबाई कण्हतच म्हणाली.

बिरप्पाने हात काढला नाही. डाव्या हाताची दोन बोटं तिच्या पोटावर, त्यांवर उजव्या बोटाचं टोक. टक, टक. वळसंगच्या रानात जन्मभर त्यानं फुगलेली मेंढरं अशीच तपासली होती. वारा असला की डफासारखा पोकळ आवाज येतो. इथं कुशीला आवाज बद्द होता, भरल्या घागरीसारखा.

तीन दिवसांपूर्वी सोलापुरात दुर्बिणीतून तिची पित्ताची पिशवी काढली होती. चार भोकं, चार पट्ट्या. सिस्टरनं आधीच समजावलं होतं, "पोटात गॅस भरून जागा करतात. नंतर दोन दिवस खांदा दुखेल, पोट फुगल्यासारखं वाटेल. रोज थोडं बरं वाटत जाईल."

"आमी मेंढीच्या पोटातला वारा सुई टोचून काढतो," बिरप्पा बोलून गेला होता. "तुमी उलटा भरताय की!"

सगळा वॉर्ड हसला होता. सिस्टरही.

सून दिपालीनं दवाखान्यात सिस्टरला फोन लावला. "गॅसच आहे म्हणत्यात. चालवा म्हणत्यात."

"त्यास्नी सांग, ह्यो वारा न्हाय."

"मामा, परत हसत्याल की."

बिरप्पानं फोनसाठी पुढं केलेला हात मागं घेतला. तानाबाईला धरून त्यानं अंगणात चार फेऱ्या घातल्या. चौथ्या फेरीला ती दावणीपाशी खाली बसली.

दुसऱ्या सकाळी तिचं अंग तापलं होतं. त्यानं पोटावर बोटं ठेवली, तर ती काहीच बोलली नाही.

सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या पोटावर दोन बोटं ठेवली. टक, टक. कुशीपाशी ते थांबले.

सोनोग्राफीत आत गळलेलं पित्त दिसलं. "पुन्हा दुर्बीण घालू. नाही जमलं तर पोट उघडावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "हे कधीपासून?"

"काल सकाळपासनं."

"मग काल का नाही आणलं?"

सिस्टर शेजारीच उभी होती. तिनं मान खाली घातली.

"मला कळलं व्हतं," बिरप्पा म्हणाला. "मीच बोललो न्हाय."

संमतीच्या कागदावर त्यानं अंगठा उठवला. स्ट्रेचर आत गेलं, दार मिटलं. तो बाकड्यावर बसला. थोड्या वेळानं त्याची बोटं आपसूक लाकडावर पडली. टक, टक.

त्यानं ती दुसऱ्या हातानं धरून ठेवली.